भुलीच्या औषधाची नैराश्यावर चाचणी : शस्त्रक्रियागृहातल्या एका प्रश्नाची पार्श्वभूमी

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या शस्त्रक्रियागृहांना केटामाइन हे औषध नवे नाही. मोडलेले हाड बसवणे, भाजलेल्या रुग्णाची पट्टी बदलणे, लहान मुलाला टाके घालणे अशा कामांसाठी ते दीर्घकाळ वापरात आहे, आणि जिथे भुलीचे यंत्र नाही किंवा प्राणवायूच्या पुरवठ्याचा भरवसा नाही, तिथे त्याची उपयुक्तता अधिकच वाढते. हेच औषध नैराश्यावरही चालते, आणि गुण यायला आठवडे न लागता काही तास पुरतात, ही बातमी मात्र आपल्याकडे गेल्या काही वर्षांतच वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून पोहोचली. तिच्या मागोमाग ऑक्टोबर 2023 मध्ये दुसरी बातमी आली. नैराश्याने ग्रासलेल्या काही रुग्णांची दुसऱ्याच कारणासाठी शस्त्रक्रिया चालू असताना, म्हणजे ते पूर्ण भुलीखाली असताना, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांना केटामाइन दिले, आणि त्याचा गुण साध्या सलाइनपेक्षा अधिक आला नाही. या दोन बातम्या वाचून अनेकांचा असा समज झाला की पहिली खोटी होती. प्रकरण इतके सरळ नाही, आणि ते नीट समजून घ्यायचे तर साठ-सत्तर वर्षे मागे जावे लागते.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात पार्क-डेव्हिस ही औषध कंपनी होती. तिच्या प्रयोगशाळेत 1956 मध्ये फेनसायक्लिडीन नावाचे रसायन तयार झाले. प्राण्यांना त्याने गाढ भूल येत असे आणि श्वास मात्र चालू राहत असे, हा त्याचा मोठाच गुण होता, कारण त्या काळच्या भुलीच्या औषधांत श्वास मंदावण्याचा धोका कायम असे. माणसांवर वापर सुरू झाल्यावर मात्र वेगळी अडचण पुढे आली. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडे, पण भूल उतरताना कित्येक रुग्ण भ्रमिष्टासारखे वागत, आरडाओरडा करत, आणि ही अवस्था तासन्‌तास टिके. तेव्हा याच कुळातले, पण कमी वेळ टिकणारे रसायन शोधण्याचे काम कंपनीने हाती घेतले. वेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक कॅल्विन स्टीव्हन्स यांनी 1962 मध्ये जे रसायन बनवले, त्याला कंपनीच्या दप्तरी सीआय-581 असा क्रमांक मिळाला. तेच पुढे केटामाइन झाले.

माणसाला ते प्रथम दिले गेले ऑगस्ट 1964 मध्ये, मिशिगन राज्यातल्या जॅक्सन इथल्या तुरुंगात, तिथल्या कैद्यांना. एडवर्ड डॉमिनो आणि गुंटर कॉर्सन या दोन डॉक्टरांनी ही चाचणी केली. कैदी स्वेच्छेने तयार झाले होते अशी नोंद आहे. पण ज्याचे सारे दिवस दुसऱ्याच्या हुकमावर चालतात, त्याच्या होकाराला कितपत मोकळा होकार म्हणावे, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही, आणि तो विचारला जाऊन अमेरिकेतल्या तुरुंगांतले असे प्रयोग बंद पडायला 1970 चे दशक उजाडावे लागले. या औषधाच्या इतिहासाची सुरुवात इथून झाली हे विसरता कामा नये, कारण संमतीचा प्रश्न पुढे नैराश्याच्या रुग्णांच्या बाबतीतही पुन्हा उभा राहिला.

त्या कैद्यांनी सांगितलेले अनुभव विलक्षण होते. आपण शरीराबाहेर तरंगत होतो, हातपाय आपले नव्हतेच, असे काहींनी सांगितले. डोळे उघडे, बुबुळे हलताहेत, श्वास चालू, गिळण्याची क्रियाही बऱ्याच अंशी शाबूत, आणि तरीही सुईच्या टोचण्याची जाणीव नाही, अशी ही अवस्था होती. तिचे वर्णन ‘स्वप्नावस्था’ असे करण्याचे डॉमिनो यांच्या मनात होते, पण कंपनीला ते रुचले नाही, आणि शेवटी त्यांच्या पत्नीने सुचवलेली ‘वियोजी भूल’ ही संज्ञा रूढ झाली. मन शरीरापासून सुटे होणे, एवढाच तिचा आशय. हा सुटेपणाच पुढच्या साऱ्या वादाचे मूळ ठरला, म्हणून इथे त्याची विशेष दखल घेतली आहे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1970 मध्ये केटामाइनला मान्यता दिली, आणि व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांसाठी त्याचा वापर झाला. जागतिक आरोग्य संघटनेने 1985 मध्ये त्याचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला. रक्तदाब टिकवून धरणारे, श्वास न थांबवणारे, शिरेतून देता येते तसेच दंडात किंवा मांडीतही टोचता येते असे औषध रणांगणावर जेवढे मोलाचे, तेवढेच ते सातपुड्याच्या पायथ्याच्या रुग्णालयातही आहे. धडगाव किंवा मोलगीच्या पाड्यावरून घाटरस्त्याने आणलेल्या, रक्तस्रावाने रक्तदाब खाली गेलेल्या रुग्णाला भूल द्यायची असेल, तर केटामाइनचे हे गुण किती महत्त्वाचे आहेत हे वेगळे सांगायला नको. तोंडाला सुटणारी लाळ रोखण्यासाठी ग्लायकोपायरोलेट आणि भूल उतरतानाची भीतीदायक स्वप्ने टाळण्यासाठी मिडॅझोलाम जोडीला द्यायचे, ही पद्धत भूलतज्ज्ञांच्या अंगवळणी पडलेली आहे. शस्त्रक्रियेनंतर काही वेळ असंबद्ध बडबडणारा रुग्ण पाहून नातेवाईक घाबरतात, आणि थोड्या वेळाने तो ताळ्यावर आला की त्यांचा जीव भांड्यात पडतो. पण त्या रुग्णाच्या मनःस्थितीत दुसऱ्या दिवशी काय फरक पडतो, हे पाहण्याची गरज त्या काळी कुणाला वाटली नव्हती.

शस्त्रक्रियागृहातून मनोविकारशास्त्राला औषध मिळण्याचा प्रसंग मात्र त्याआधी एकदा घडून गेला होता. फ्रान्सच्या नौदलातले शल्यचिकित्सक हेन्री लॅबोरी शस्त्रक्रियेच्या आघाताला शरीराने देऊ केलेली प्रतिक्रिया सौम्य व्हावी म्हणून औषधे तपासत होते. त्यांना क्लोरप्रोमाझीन दिल्यावर रुग्ण झोपी न जाताही विलक्षण शांत, आजूबाजूच्या गोष्टींबाबत उदासीन होतात असे आढळले. त्यांनी ही गोष्ट मनोविकारतज्ज्ञांच्या कानावर घातली, आणि 1952 मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात देले आणि देनिकेर यांनी ते तीव्र मनोविकारांसाठी वापरले. त्याच दशकात क्षयरोगाच्या इप्रोनियाझिड या औषधाने रुग्णांची मनःस्थिती उजळते असे लक्षात आले, आणि स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून यांना इमिप्रामीनचा नैराश्यावरचा गुण दिसला. आपल्या सर्पगंधेपासून निघालेले रेसर्पीन रक्तदाबासाठी जगभर गेले ते रुस्तम जाल वकील यांनी मुंबईतून 1949 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामानंतर. त्या औषधाने काही रुग्ण खिन्न होतात असे दिसले, आणि ते मेंदूतली सेरोटोनिन, नॉरॲड्रेनालिन यांसारखी द्रव्ये कमी करते हेही कळले. या साऱ्यातून नैराश्य म्हणजे या द्रव्यांची कमतरता, हा सिद्धान्त 1960 च्या दशकात उभा राहिला. पुढची बहुतेक सगळी औषधे, 1987 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले फ्लुऑक्सेटीन धरून, याच वाटेने आली.

या औषधांनी असंख्य माणसांचे संसार सावरले, यात शंका नाही. मात्र त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बऱ्याच रुग्णांना एकामागून एक औषधे बदलूनही पुरेसा आराम पडत नाही. ज्याच्या मनात रोज मरणाचा विचार येतो त्याला सहा आठवडे थांब म्हणणे किती कठीण आहे, हे ज्या घरात असा माणूस आहे तिथे जाऊन पाहावे. कापसाचा हंगाम बुडालेला, सोसायटीचे कर्ज थकलेले, आणि घरचा कर्ता माणूस बोलेनासा झालेला, अशी घरे खान्देशाला अनोळखी नाहीत. म्हणूनच तासांत गुण देणाऱ्या औषधाची बातमी इथे निव्वळ कुतूहलाचा विषय राहत नाही.

केटामाइन मेंदूत नेमके कुठे काम करते याचा उलगडा 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला झाला. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चेतवण्यासाठी ग्लुटामेट नावाचे द्रव्य वापरतात, आणि ते ज्या ग्राहींवर, म्हणजे पेशीवरच्या ठरावीक जागांवर, जाऊन बसते त्यांपैकी एनएमडीए नावाच्या ग्राहींना केटामाइन अडवते. रॅमन ट्रुयास आणि फिल स्कोल्निक यांनी 1990 मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले की या ग्राहींना अडवणाऱ्या द्रव्यांत नैराश्यरोधक गुण दिसतो. येल विद्यापीठात जॉन क्रिस्टल, डेनिस चार्नी आणि त्यांचे सहकारी तेव्हा अभ्यासासाठी निरोगी माणसांना अल्प प्रमाणात केटामाइन देत होतेच. त्यांनी ते नैराश्याच्या रुग्णांना देऊन पाहिले, आणि 2000 मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. रुग्ण अवघे सात होते. शरीराच्या दर किलो वजनामागे अर्धा मिलिग्रॅम औषध चाळीस मिनिटांत शिरेतून सोडायचे, असे प्रमाण त्यांनी ठरवले. भूल देण्यासाठी लागणाऱ्या मात्रेपेक्षा ते बरेच कमी आहे, आणि आजही जगभर तेच प्रमाण मुख्यतः चालते. औषधाचा अंमल दोनेक तासांत ओसरला, पण मनावरचे मळभ पुढचे काही दिवस विरळ राहिले.

सात रुग्णांच्या अभ्यासाकडे फारसे लक्ष जाणे शक्य नव्हते. सहा वर्षांनी, 2006 मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या कार्लोस झराटे यांच्या गटाने अनेक औषधांना दाद न दिलेल्या अठरा रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली, तेव्हा मात्र सगळ्या क्षेत्राचे कान टवकारले. केटामाइन मिळालेल्यांपैकी 71 टक्के रुग्णांना दुसऱ्याच दिवशी लक्षणीय उतार पडला होता, आणि 35 टक्के रुग्णांमध्ये तो निदान आठवडाभर टिकला. त्यानंतर येलमध्येच रोनाल्ड ड्यूमन यांच्या प्रयोगशाळेने 2010 मध्ये उंदरांच्या मेंदूत केटामाइननंतर काही तासांतच पेशींमधले नवे जोड तयार होतात असे दाखवले. औषध शरीरातून निघून गेल्यावरही गुण का राहतो, याचे एक पटण्यासारखे उत्तर त्यातून मिळाले.

तरीही एक शंका पहिल्यापासून मागे लागलेली होती. कोणत्याही औषधाचा खरा गुण मोजायचा तर काही रुग्णांना औषध आणि काहींना निरुपद्रवी सलाइन द्यायचे असते, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णाला कळू द्यायचे नसते. तसे कळले, तर औषध मिळाल्याच्या आनंदानेच काहींना बरे वाटते, आणि न मिळाल्याच्या निराशेने काहींचे अधिक बिघडते. केटामाइन शिरेत जाऊ लागले की पाच-दहा मिनिटांत रुग्णाला खोली लांब गेल्यासारखी वाटते, आवाज बदलतात, शरीर हलके होते. सलाइनने यातले काहीच होत नाही. मग रुग्णाला काय मिळाले हे त्याच्यापासून लपवायचे कसे? शेजारी बसून नोंदी घेणाऱ्या डॉक्टरलाही ते कळून चुकते. नैराश्यासारख्या आजारात, जिथे रुग्ण स्वतः काय सांगतो यावरच मोजमाप अवलंबून असते, ही उणीव फार गंभीर आहे. जेम्स मरो आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये त्यावर एक उपाय योजला. त्यांच्या चाचणीत 73 रुग्ण होते, आणि सलाइनऐवजी गुंगी आणणारे मिडॅझोलाम वापरले गेले. चोवीस तासांनी केटामाइनच्या गटात 64 टक्के आणि मिडॅझोलामच्या गटात 28 टक्के रुग्णांना गुण आला. केटामाइनची बाजू त्याने भक्कम झाली, पण मिडॅझोलामची गुंगी आणि केटामाइनचा सुटेपणा यांतला फरक रुग्णाला कळतोच, त्यामुळे शंका पुरती मिटली नाही.

ज्याला काहीच कळणार नाही अशा रुग्णाला औषध द्यायचे असेल, तर तो पूर्ण भुलीखालीच असायला हवा. हा विचार सुचायला सोपा वाटतो, आणि शस्त्रक्रियेत केटामाइन देऊन नैराश्य मोजण्याचा प्रयत्न त्याआधीही झालेला होता. जपानमध्ये कुदोह आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये नैराश्याच्या सत्तर रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यांच्यावर अस्थिरोगाच्या शस्त्रक्रिया होणार होत्या. निम्म्या रुग्णांना प्रोपोफॉल हे भुलीचे औषध आणि फेंटॅनिल हे वेदनाशामक यांच्या जोडीला थोडे केटामाइन दिले गेले, उरलेल्यांना ते दिले गेले नाही. केटामाइन मिळालेल्यांची मनःस्थिती शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सुधारलेली आढळली, आणि वेदनाही कमी होत्या. हा अभ्यास खरे तर झराटे यांच्याही आधीचा, पण भूलशास्त्राच्या नियतकालिकात छापून आल्यामुळे मनोविकारतज्ज्ञांच्या वर्तुळात त्याची चर्चा बरीच उशिरा झाली. दोन शाखांचे डॉक्टर एकमेकांचे वाचत नाहीत, याचा हा एक नमुना आहे, आणि मला तो चुटपुट लावणारा वाटतो.

यानंतरची मोठी चाचणी नैराश्यासाठी नव्हती. साठ वर्षांवरील रुग्णांना मोठ्या शस्त्रक्रियेनंतर येणारा भ्रम केटामाइनने टळतो का, हे पाहण्यासाठी अमेरिका, कॅनडा, दक्षिण कोरिया आणि आपला भारत अशा चार देशांतल्या 672 रुग्णांवर ती झाली, आणि तिचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. भ्रम टळला नाही, उलट भास आणि दुःस्वप्ने वाढली. याच रुग्णांच्या मनःस्थितीच्या नोंदी तपासल्या तेव्हा तिथेही केटामाइनचा ठळक फायदा दिसला नाही. अर्थात या रुग्णांपैकी बहुतेकांना मुळात नैराश्य नव्हते, त्यामुळे त्यावरून फार काही ठरवता येत नव्हते.

स्टॅनफर्डमधले भूलतज्ज्ञ बोरिस हाइफेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांची चाचणी या जागी बसते. त्यांनी मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले आणि नेहमीच्या नियोजित शस्त्रक्रियेसाठी येणार असलेले चाळीस प्रौढ रुग्ण निवडले. हृदयाच्या किंवा मेंदूच्या शस्त्रक्रिया त्यांनी वगळल्या. भूल नेहमीसारखीच दिली गेली, आणि ती चालू असताना शिरेतून निम्म्या रुग्णांना येलच्याच प्रमाणात केटामाइन, तर उरलेल्या निम्म्यांना सलाइन सोडण्यात आले. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला किंवा मोजमाप करणाऱ्यांना ठाऊक नव्हते. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन दिवस नैराश्याची ठरलेली मोजपट्टी लावली गेली, आणि पुढे दोन आठवडे पाठपुरावा झाला. आपल्याला काय मिळाले असेल, असे रुग्णांना शेवटी विचारले तेव्हा 36.8 टक्के रुग्णांचाच अंदाज बरोबर निघाला. नाणे उडवले असते तरी याहून जास्त उत्तरे जुळली असती, म्हणजे गुपित पूर्ण राखले गेले होते. केटामाइनच्या चाचण्यांत इतके चोख गुपित त्याआधी क्वचितच राखता आले होते, आणि या चाचणीचे खरे मोल माझ्या मते त्यातच आहे.

निकाल सर्वांनाच चकित करणारा होता. केटामाइन मिळालेले आणि सलाइन मिळालेले अशा दोन्ही गटांचे नैराश्य शस्त्रक्रियेनंतर झपाट्याने कमी झाले, दोन्हींतल्या साधारण निम्म्या रुग्णांना दुसऱ्या दिवशी चांगला उतार होता, आणि गटांमध्ये दखल घेण्याजोगा फरक नव्हता. नैराश्याच्या चाचण्यांत नुसत्या सलाइनने इतका गुण सहसा येत नाही. ज्यांना बरे वाटले त्यांचा कल आपल्याला केटामाइनच मिळाले असावे असे मानण्याकडे होता, मग प्रत्यक्षात त्यांना काहीही मिळालेले असो.

यातून केटामाइन निरुपयोगी ठरले, असा अर्थ काढणे घाईचे होईल, आणि संशोधकांनीही तो काढलेला नाही. एक शक्यता अशी की औषधाचा गुण त्याच्या जाणिवेशी बांधलेला आहे. तो तरंगण्याचा, स्वतःपासून सुटे होण्याचा अनुभव जागेपणी घेतला तरच मनात काही हलते, आणि भुलीखाली तो अनुभवच येत नाही. दुसरी शक्यता अशी की भुलीची बाकीची औषधे केटामाइनचे मेंदूतले काम अडवतात किंवा झाकून टाकतात. प्रोपोफॉल, वायुरूप भूल, फेंटॅनिलसारखी अफूच्या वर्गातली वेदनाशामके, ही सगळी एकाच वेळी रुग्णाच्या शरीरात असतात. स्टॅनफर्डमध्येच 2018 मध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात अफूवर्गीय ग्राहींना अडवणारे नाल्ट्रेक्सोन आधी दिले तर केटामाइनचा नैराश्यावरचा गुण बराच घटतो असे आढळले होते, म्हणजे वेदनाशामकांचा या प्रकरणाशी संबंध असणे अशक्य नाही. तिसरी शक्यता, भूल स्वतःच नैराश्यावर काही काम करत असावी. व्हिएन्नामध्ये 1980 च्या दशकात आयसोफ्लुरेनची खोल भूल देऊन नैराश्य उतरते का हे तपासले गेले होते, आणि पीटर नागेले यांच्या गटाने 2014 मध्ये नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूने वीस रुग्णांपैकी काहींना उतार पडल्याचे दाखवले होते. चाळीस रुग्णांच्या एका चाचणीतून या तीन वाटांपैकी कोणती खरी हे ठरवता येत नाही.

चौथी शक्यता आहे अपेक्षेची, आणि खान्देशातल्या वाचकाने तिच्यापाशी थोडे थांबावे असे मला वाटते. आपल्या गावांत अशक्तपणा आला, अंग दुखले, मन लागेनासे झाले की डॉक्टरकडे जाऊन ‘एक सलाइन लावून द्या’ म्हणण्याची रीत आहे. पिवळ्या औषधाची बाटली असेल तर अधिकच बरे वाटते. त्या बाटलीत मीठ, साखर आणि जीवनसत्त्वे यांपलीकडे काही नसते हे डॉक्टरला माहीत असते, तरी खाटेवर पडून तास-दोन तास कुणीतरी आपली काळजी घेत असल्याचा अनुभव रुग्णाला तरतरी देतो. ही खोटी तरतरी आहे असे म्हणून तिची हेटाळणी करणे योग्य नाही, तसेच तिच्या जोरावर पैसे उकळणेही योग्य नाही. स्टॅनफर्डच्या चाचणीतल्या रुग्णांशी संशोधकांनी शस्त्रक्रियेपूर्वी सविस्तर बोलणे केले होते, त्यांच्या मनाची विचारपूस वारंवार झाली होती, आणि नव्या औषधाची आशा त्यांच्यापुढे होती. त्या आशेने आणि विचारपुशीने किती काम केले, हे मोजण्याची सोय त्या चाचणीत नव्हती. एरवी शस्त्रक्रियेला आलेल्या रुग्णाला त्याच्या मनाबद्दल कोण विचारते?

या विषयाचा पुढचा अध्याय आपल्याकडच्या परिस्थितीच्या अधिक जवळचा आहे. चीनमधल्या पाच रुग्णालयांत गरोदरपणात नैराश्याची लक्षणे असलेल्या 364 मातांना प्रसूतीनंतर लगेच एस्केटामाइन किंवा सलाइन देण्यात आले. एस्केटामाइन हा केटामाइनचाच एक घटक आहे, आणि तो दर किलोमागे 0.2 मिलिग्रॅम इतक्या अल्प प्रमाणात, चाळीस मिनिटांत शिरेतून दिला गेला. बेचाळीस दिवसांनी नैराश्याचा पूर्ण झटका एस्केटामाइनच्या गटात 6.7 टक्के आणि सलाइनच्या गटात 25.4 टक्के मातांमध्ये आढळला. हा निष्कर्ष एप्रिल 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. फरक मोठा आहे, पण या माता औषध घेताना जाग्या होत्या, त्यामुळे गुपिताची जुनी अडचण इथे पुन्हा उभी राहते. आपल्याकडेही सिझेरियन बहुधा पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊनच होते आणि आई शुद्धीवर असते, म्हणून अशी चाचणी धुळ्यात किंवा जळगावात करायची म्हटली तरी स्टॅनफर्डसारखे गुपित राखता येणार नाही. शिवाय बेचाळीस दिवस पाठपुरावा करायचा तर अक्कलकुव्याकडची जी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात, त्यांना तिथे कसे गाठायचे याचाही विचार करावा लागेल. पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या बाईच्या मनाची स्थिती तिच्या भाषेत विचारणारी व्यक्ती नेमावी लागेल, ते वेगळेच.

नैराश्यावरचे एस्केटामाइनचे नाकातले फवारे अमेरिकेत मार्च 2019 मध्ये मान्य झाले, तेही दोन तास देखरेखीखाली बसवून ठेवण्याच्या अटीवर. शिवाय केटामाइनची लत लागते, आणि दीर्घकाळ गैरवापर झाला तर मूत्राशय खराब होते. भारताने 2011 मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याखालच्या मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांच्या यादीत घातले, आणि 2013 च्या अखेरीस औषध नियमावलीच्या अनुसूची ‘एक्स’मध्ये त्याचा समावेश केला. त्यामुळे ते विकायला स्वतंत्र परवाना लागतो, चिठ्ठी दुहेरी लिहावी लागते आणि तिची एक प्रत विक्रेत्याला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. या औषधावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आणावेत असा चीनचा प्रस्ताव 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे होता, पण गरीब देशांतल्या रुग्णालयांची भूल त्याने अडचणीत येईल हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आणि तो लांबणीवर पडला. नंदुरबारसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने तो निर्णय फार मोलाचा होता.

मनोविकारांचे राष्ट्रीय सर्वेक्षण बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत केले. त्यात खान्देशाला लागून असलेली गुजरात आणि मध्य प्रदेश ही राज्ये होती, महाराष्ट्र नव्हता. नैराश्य असलेल्या सुमारे 85 टक्के माणसांना कोणतेही उपचार मिळत नाहीत असे त्यात आढळले. म्हणजे आपल्याकडे प्रश्न नव्या औषधाचा येण्याआधीच जुन्या औषधांपर्यंत पोहोचण्याचा आहे. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1989 पासूनचे, जळगावचे 2018 चे आणि नंदुरबारचे 2020 चे. तिथवर येणेही ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा मराठीतही चालते, आणि तिला पैसे पडत नाहीत.

शस्त्रक्रियेला जाणाऱ्या रुग्णासाठी या साऱ्यातून निघणारी गोष्ट मर्यादित पण महत्त्वाची आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी केटामाइन दिले म्हणून नैराश्य जाईल, अशी खात्री आज कोणीही देऊ शकत नाही, आणि तशी खात्री देऊन जादा पैसे मागितले गेले तर ते देऊ नयेत. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर ते भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे, कारण काही गोळ्यांचा भुलीच्या औषधांशी आणि वेदनाशामकांशी मेळ घालावा लागतो. शस्त्रक्रिया आहे म्हणून त्या गोळ्या मनानेच बंद करू नयेत, कारण एकदम तोडल्या तर आजार उलटण्याची भीती असते. घरच्यांसमोर बोलणे अवघड वाटत असेल तर आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हा चिठ्ठी पुढे केली तरी पुरते.